उशीखालची कादंबरी

प्रश्न : माझी मुलगी इंग्रजी माध्यमात नववीत शिकते. गेल्या वर्षभरात तिने किशोरवयीन मुलांसाठी लिहिलेल्या इंग्रजी कादंबऱ्या वाचण्याचा सपाटा लावला आहे. परवा अंथरूण आवरताना तिच्या उशीखाली अशीच एक कादंबरी सापडली. आईवडील विभक्त होत आहेत आणि मुलीने आईशी बोलणे टाकले आहे, असे तिचे कथानक आहे. आपल्याला मुलीचे सगळे कळते असे आईला उगाच वाटते, अशा अर्थाच्या एका वाक्याखाली माझ्या मुलीने पेन्सिलीने रेघ ओढली होती आणि खूण म्हणून लोकलचे जुने तिकीट ठेवले होते. आमच्या घरात तसे काहीच नाही. मग तिला असे का वाचावेसे वाटते? ही पुस्तके बंद करावीत का?
– एक आई, मुलुंड

उत्तर : पुस्तके बंद करू नका आणि त्या रेघेबद्दल तिला काही विचारूही नका. यातली दुसरी गोष्ट तुम्हाला अधिक जड जाईल, हे मी समजू शकते. आपल्याकडच्या दोन खोल्यांच्या घरात, जिथे अभ्यासाचे टेबल भावंडांत वाटून घ्यावे लागते आणि फोनवरचे प्रत्येक वाक्य स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाते, तिथे वाढत्या वयाच्या मुलीला स्वतःची म्हणावी अशी जागा फार थोडी असते. उशीखालचे पुस्तक ही तिची तेवढीच जागा आहे. ती रेघ तुमच्यावरचा आरोप आहे असे धरून चालू नका. नववीच्या कोणत्याही वर्गात आईवडिलांच्या भांडणाला कंटाळलेले एखादे मूल असतेच, आणि पुष्कळदा मुले आपल्या मैत्रिणीचे दुःख समजून घेण्यासाठीही अशी पुस्तके हाती घेतात. शिवाय सुखी घरातल्या चौदा वर्षांच्या मुलीलाही आईपासून थोडे वेगळे व्हायचे असतेच. ते कसे व्हावे, हे तिला कोणी शिकवलेले नसते.

या कादंबऱ्यांत आईवडील चुकतात, खोटे बोलतात, कधी घर सोडून जातात, म्हणून त्या मुलांना मोठ्यांचा अनादर शिकवतात, अशी तक्रार माझ्याकडे वारंवार येते. चांगल्या कादंबरीच्या बाबतीत मला ती मान्य नाही. या प्रकारातल्या सुरुवातीच्या आणि आजही वाचल्या जाणाऱ्या कादंबऱ्यांपैकी एक म्हणजे एस. ई. हिंटन यांची ‘द आउटसायडर्स’. ती १९६७ साली प्रसिद्ध झाली तेव्हा लेखिका अवघ्या १८ वर्षांची होती. आईवडील मोटार अपघातात गेलेले आहेत आणि वीस वर्षांचा थोरला भाऊ डॅरी दोघा धाकट्यांना सांभाळतो आहे. गोष्ट सांगतो तो चौदा वर्षांचा पोनीबॉय, आणि डॅरीला आपण नकोसे झालो आहोत अशी त्याची खात्री पटलेली असते. एका रात्री घरी यायला उशीर होतो, डॅरीचा हात उठतो आणि पोनीबॉय पळून जातो. पुढे इस्पितळात तो डॅरीला रडताना पाहतो, तेव्हा कुठे त्याच्या लक्षात येते की आईवडिलांपाठोपाठ आणखी कोणाला गमावण्याच्या धास्तीनेच हा भाऊ इतका कठोर झाला होता. निवेदन संपूर्णपणे मुलाचे असूनही त्याने मोठ्या माणसाविषयी केलेला ग्रह चुकीचा निघतो आणि हे वाचकाला त्या मुलाच्याच तोंडून कळते. तुमच्या मुलीच्या पुस्तकातली आईही शेवटच्या पानापर्यंत तीच राहते की नाही, हे पाहिल्याशिवाय त्या पुस्तकाविषयी मत बनवू नका.

त्यासाठी पुस्तक वाचा, पण तिच्या नकळत नव्हे. “तुझे झाले की मला दे,” एवढेच म्हणा. मी शनिवारी उपनगरातल्या एका वाचनालयाच्या बालविभागात बसते. तिथे एका आईने मुलाने परत केलेली कादंबरी त्याच टेबलावर स्वतःच्या नावावर लिहून घेतली. मुलगा चांगलाच अवघडला होता. पुढच्या शनिवारी दोघे रांगेत उभे असताना त्याने हळूच विचारले, “कुठवर आलीस?” आई म्हणाली, “मामा येतो तिथवर.” “मग पुढचे आता सांगत नाही,” असे म्हणून तो पुस्तकांच्या कपाटाकडे वळला. त्यांचे संभाषण एवढेच झाले आणि मला ते पुरेसे वाटले.

एका बाबतीत मात्र सावध राहायला हवे. अमेरिकेतील ग्रंथपाल या प्रकारचा वाचक साधारण १२ ते १८ वर्षांचा मानतात. बारा आणि सतरा या वयांत केवढे अंतर आहे, हे आईला सांगायला नको. त्यामुळे मलपृष्ठावरचा मजकूर आणि पहिले प्रकरण आधी चाळून पाहणे चांगले. आत्महत्या किंवा स्वतःला इजा करून घेणे हा विषय असेल आणि मुलगी त्याच सुमारास अबोल झाली असेल, जेवणझोप बिघडली असेल, तर पुस्तक काढून न घेता तिच्याजवळ बसा आणि तिला कसे वाटते ते सरळ विचारा. गरज वाटली तर समुपदेशकाकडे जायला संकोच करू नका.

प्रश्न : मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो आणि आता अकरावीत आहे. वर्गातली मुले ज्या इंग्रजी कादंबऱ्यांबद्दल बोलतात त्या मला दोन पानांपुढे वाचवत नाहीत. मराठीत असे काही आहे का?
– एक विद्यार्थी, लालबाग

उत्तर : आहे, पण असायला हवे तेवढे नाही, ही खंत मलाही आहे. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) तू वाचली नसशील तर आजच वाचनालयात जा. आणीबाणीच्या दिवसांत नववीत असलेला मुकुंद जोशी तुला अजिबात परका वाटणार नाही. त्यानंतर प्रकाश नारायण संत यांचे ‘वनवास’ घे. आईवडिलांपासून दूर, आजीआजोबांकडे वाढणाऱ्या लंपनच्या या कथा आहेत. बेळगावकडची, कानडी वळणाची ती मराठी मुंबईच्या कानाला सुरुवातीला अडखळवते. तिथे तू शब्दकोश शोधणार नाहीस. दहाबारा पाने तसाच पुढे जाशील आणि मग ती बोली आपोआप कानात बसेल. इंग्रजी कादंबरीलाही तेवढीच पाने दे. वर उल्लेख केलेली ‘द आउटसायडर्स’ त्यासाठी योग्य आहे, कारण ती लहानशी आहे आणि चौदा वर्षांचा मुलगा बोलेल तशाच साध्या भाषेत लिहिलेली आहे. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने बारीक खूण कर, पुस्तक वाचनालयाचे असेल तर वहीत टिपून ठेव आणि प्रकरण संपल्यावरच अर्थ पाहा.