जपानचं पोस्ट आणि तुमची लेक

प्रश्न : मुलगी टी.वाय.बी.ए.ला आहे, अर्थशास्त्र घेऊन. जपानी भाषेची एन-३ परीक्षा पास झाली. आता ‘कोइझुमींच्या सुधारणा’ या विषयावर जपानात एम.ए. करायचं म्हणते. पुण्यात आयटीत जपानी येणाऱ्यांना नोकऱ्या आहेत. असल्या राजकारणाच्या अभ्यासावर पोट भरतं का? – एक वडील, सातारा

नमस्कार,

‘असल्या’वर आधी बोलतो. जुनिचिरो कोइझुमी २००१ ते २००६ जपानचे पंतप्रधान होते. ‘वेळ आली तर माझाच पक्ष मोडीन’ असं सांगत आलेला माणूस. ध्यास एकच, पोस्टाचं खासगीकरण. पोस्ट म्हणजे नुसती पत्रं नव्हेत. तुमच्या घरातलं आरडीचं पासबुक आठवा. तिथे अशी बचत आणि विमा मिळून सुमारे ३५० लाख कोटी येन पोस्टाकडे होते. त्यातला पैसा वर्षानुवर्षं रस्ते-पुलांसारख्या सरकारी कामांत जायचा आणि गावोगावचे पोस्टमास्तर सत्ताधारी पक्षाची मतं गोळा करायचे. पोस्टाला हात घातला की तिजोरी आणि मतपेटी दोन्ही हलणार, हे कोइझुमींना पक्कं ठाऊक होतं.

८ ऑगस्ट २००५ ला संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने पोस्टाच्या खासगीकरणाचं विधेयक १२५ विरुद्ध १०८ मतांनी पाडलं. ते सभागृह बरखास्त करता येत नाही, म्हणून त्यांनी त्याच दिवशी कनिष्ठ सभागृह बरखास्त केलं! तिथे विधेयकाविरुद्ध गेलेल्या स्वतःच्याच पक्षातल्या बंडखोरांची तिकिटं कापली, वर त्यांच्याविरुद्ध नवे उमेदवार उभे केले. ११ सप्टेंबरच्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला ४८० पैकी २९६ जागा आल्या. ऑक्टोबरमध्ये त्याच वरिष्ठ सभागृहाने, त्याच सदस्यांनी, विधेयक मंजूर केलं.

तिचा प्रबंध इथे आहे. ‘कोइझुमींच्या सुधारणा’ फार ऐसपैस होतं. ‘दोन महिन्यांत ही मतं का फिरली’ एवढंच घेऊ दे. जपानी संसदेची १९४७ पासूनची इतिवृत्तं ऑनलाइन फुकट आहेत, पण जपानीत. एन-३ वर ती झेपणार नाहीत (या परीक्षेत आकडा जितका लहान, तितकी पातळी वरची). एन-२ तर हवीच, एन-१ झाली तर उत्तम.

एक अडचण आहे. बरीच जपानी विद्यापीठं मास्टर्ससाठी सोळा वर्षांचं शिक्षण मागतात; आपली बारावी अधिक तीन म्हणजे पंधराच. काही ठिकाणी वेगळी पात्रता-तपासणी होते, ते आधी विचारून घ्या. नाहीतर इथेच अर्थशास्त्रात किंवा राज्यशास्त्रात एम.ए. करून मग जपान सरकारच्या मेक्स्ट शिष्यवृत्तीला वकिलातीमार्फत अर्ज करावा. त्यात संशोधनाचा आराखडा द्यावा लागतो. वरचा प्रश्न तिथे उपयोगी पडेल.

आता पोटाचं. नुसतं ‘जपानी राजकारणाचे तज्ज्ञ’ म्हणून आपल्याकडे जागा मोजक्याच, हे लपवत नाही. पण अर्थशास्त्र आणि पक्की जपानी एकत्र असलेली माणसं कंपन्यांना, बँकांना, अनुवादाला लागतात. एन-२ नंतर दोन वर्षं आयटीत काढली तरी काही बिघडत नाही. फक्त काम कागदपत्रं वाचण्याचं असावं, नुसतं मीटिंगमध्ये दुभाषी म्हणून बसण्याचं नको.

या रविवारी तिला त्या इतिवृत्ताचं एक पान काढायला सांगा आणि त्यात काय चाललंय ते तुम्हाला मराठीत समजावून सांगू दे. कुठे अडते ते तुम्हालाही कळेल, तिलाही. मग मला लिहा.