मुलांना घेऊन पहिल्यांदाच अलिबागला निघताय ना?

मे महिन्यातच जा. जूनमध्ये समुद्र खवळला की गेटवेच्या लाँच बंद होतात. गेटवे ते मांडवा साधारण तासाभराचं पाणी, आणि तिकिटातच पुढे अलिबागपर्यंतची बस धरलेली असते. गाडी न्यायचीच असेल तर भाऊच्या धक्क्यावरून गाड्या नेणारी रो-रो बोट आहे. पण दोन दिवसांसाठी गाडी कशाला? आत रिक्षा मिळतात.

हॉटेलच्या आधी कालनिर्णय उघडा, तिथी बघा. अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीलाच चालत जाता येतं. जुना हिशोब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ. अष्टमी म्हणजे सहाच्या सुमारास भरती, ओहोटी दुपारी बाराला. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास, मग सकाळी सहालाच किल्ला गाठा. उन्हाळ्यात मला हेच बरं वाटतं, पायाखालची वाळू गार असते. हिशोब ढोबळ आहे, किनाऱ्यावर विचारूनच पाण्यात उतरा. आम्ही एकदा किल्ल्यातल्या गणपतीच्या देवळात रेंगाळलो आणि परतताना धाकटीला खांद्यावर घ्यावं लागलं. सासूबाई आठवडाभर बोलल्या नाहीत!

चपला रबरी घ्या, ओल्या खडकांवर शंख-शिंपले बोचतात.

येताना पांढऱ्या कांद्याची माळ आणा. पात वेणीसारखी घट्ट विणलेली बघून घ्या. घरी आल्यावर पिशवीत कोंबू नका, खिडकीशी टांगा.