दात आणि घर एकाच फेरीत? मेरिदाबद्दल विचारलंत म्हणून

नमस्कार,

तुमचं पत्र वाचताना आधी हसूच आलं, कारण २०१९ साली आम्ही दोघं नेमका हाच बेत करून निघालो होतो. न्यू जर्सीतल्या घराचा प्रॉपर्टी टॅक्स, पुढच्या वर्षी तुमची निवृत्ती, वहिनींचे दोन इम्प्लांट आणि तुमचे तीन क्राउन, म्हणजे दातांवरच्या टोप्या, मिळून तिथल्या डेंटिस्टनं हातात ठेवलेला आकडा, आणि मग कुणीतरी सुचवलेलं मेक्सिकोतलं मेरिदा. जानेवारीत दोन आठवडे यायचं, सकाळी दात, संध्याकाळी घरं, आवडलं तर वर्षाचा करार करूनच परतायचं. जमेल का, असं विचारलंत.

क्राउन जमतील. इम्प्लांट दोन आठवड्यांत जमणार नाहीत. घर मात्र जमेल, आणि मला भीती त्याचीच वाटते.

आधी दातांचं सांगते, कारण सगळं वेळापत्रक तेच ठरवतात. इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. हाड त्याला घट्ट धरायला साधारण तीन ते सहा महिने घेतं, आणि मग त्यावर दात चढतो. हाड झिजलं असेल तर आधी ग्राफ्ट करावं लागतं, म्हणजे तिथे हाड भरावं लागतं, आणि त्यात आणखी काही महिने जातात. एका बैठकीत स्क्रू आणि दात दोन्ही बसवून देणारे आहेत, काहींच्या बाबतीत ते चालतंही, पण विमानाचं तिकीट परवाचं आहे म्हणून ते करून घेऊ नका. वहिनी हाडं ठिसूळ होण्यावरच्या गोळ्या घेत असतील तर ते पहिल्याच भेटीत सांगायचं. त्या गोळ्यांमुळे दात काढल्यावर किंवा इम्प्लांटनंतर जबड्याचं हाड नीट न भरण्याचा धोका असतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि साखर यांचंही तसंच. डॉक्टरनं विचारलं नाही तरी आपण सांगायचं.

तेव्हा फेऱ्या दोन होणारच. बहुतेक लोक याला कटकट समजतात. मी म्हणते, ही सक्तीची दुसरी फेरी हाच तुमचा फायदा आहे, फक्त ती कधी करायची ते नीट ठरवा. पहिली जानेवारीत, स्क्रूसाठी. दुसरी मे महिन्यात, दातासाठी.

मे का? जानेवारीत मेरिदा कुणालाही आवडतं. उत्तरेकडून गार वारा येतो, इथले लोक त्याला नोर्ते म्हणतात, सकाळी शाल लागते. रविवारी पासेओ दे मोंतेहो हा मोठा रस्ता गाड्यांना बंद करून सायकलींना मोकळा करतात. झाडाखाली कॉफी पिताना आपण मनातल्या मनात पडद्यांचे रंग ठरवू लागतो. आमचं तेच झालं. उत्तरेकडच्या नव्या वस्तीत काचाच काचा असलेलं छान घर पाहिलं आणि नवव्या दिवशी वर्षाच्या करारावर सही केली. एप्रिलच्या मध्याला कळलं की निजायच्या खोलीची अख्खी भिंत पश्चिमेला आहे. पारा ४० च्या वर, रात्री दहाला भिंतीला हात लावला तर ती तव्यासारखी. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापायचं की थंड नळातून गरमच यायचं. अंघोळीची बादली सकाळी भरून ठेवायची. विदर्भातल्या माणसाला यात नवल वाटणार नाही, पण मी डोंबिवलीची, आणि मध्ये तीस वर्षं न्यू जर्सीची.

मग विजेचं बिल. इथे वीज सरकारी कंपनीची, सीएफईची, आणि घरगुती दरात सबसिडी असते. पण बारा महिन्यांची सरासरी ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की मीटर जास्त वापराच्या दरात ढकलतात, त्याला दाक म्हणतात. तिथे सबसिडी संपते. एसी चोवीस तास लावून आम्ही तिथे पोचलो, आणि ‘स्वस्त’ घराचं गणित कोसळलं. भाडं ठरवायच्या आधी घरमालकाकडे मागच्या वर्षाची सगळी बिलं मागा, मे ते ऑगस्टची तर हट्टानं. दाखवायला कुरकुर केली तर उत्तर मिळालंच.

आता आम्ही जुन्या भागात राहतो, सांता आना वस्तीच्या जवळ. जाड दगडी भिंती, उंच छत, मधे अंगण, आणि प्रत्येक खोलीत भिंतीला झोपाळा अडकवायचे हूक. झोपाळा म्हणजे दोरीचा विणलेला, हामाका. इथली पुष्कळ जनता पलंगावर नाही, त्यातच झोपते, आणि मेमध्ये त्याचं कारण कळतं. बाकी जुन्या घरांचं सगळंच गोड नाही. ओल, वाळवी, शेजारच्या बारचा आवाज. दुपारी बघितलेलं घर शनिवारी रात्री अकराला पुन्हा बघा.

पत्ता वाचायला शिका. बहुतेक रस्त्यांना नावं नाहीत, आकडे आहेत. सम आकड्यांचे उत्तर-दक्षिण, विषम पूर्व-पश्चिम. ‘६० नंबरचा रस्ता, ४७ आणि ४९ च्या मधे’ असा पत्ता. सोपं वाटतं ना? पण तेच आकडे वेगवेगळ्या वस्त्यांत पुन्हा येतात, म्हणून वस्तीचं नाव सांगितलं नाही तर टॅक्सी भलतीकडे जाते. दाढ काढायच्या दिवशी मी अशी चाळीस मिनिटं फिरले आहे.

आता दातांचा डॉक्टर कसा निवडायचा. तुम्ही विचारलंत, सरहद्दीवरच्या लोस आल्गोदोनेसला जावं का. अमेरिकेतल्या युमाजवळ गाडी लावून चालत सीमा ओलांडायची, गल्लीबोळात शेकडो डेंटिस्ट. नुसते दातच करायचे असतील तर जरूर जा, पुष्कळ लोकांचं तिथे चांगलं झालंय. पण तिथे तुम्ही राहणार नाही. ज्या गावात राहायचं तिथेच दात करून घेतले तर त्या गावाची ओळख होते. मेरिदाला विद्यापीठाचं दंतवैद्यक महाविद्यालय आहे, तिथून शिकलेले पुष्कळ डॉक्टर शहरातच प्रॅक्टिस करतात.

मेक्सिकोत प्रत्येक डॉक्टरला सेदुला म्हणजे परवाना क्रमांक असतो आणि तो सरकारी नोंदवहीत ऑनलाइन तपासता येतो. तज्ज्ञाला त्याच्या विषयाचा वेगळा क्रमांक असतो. इम्प्लांट करणाऱ्याकडे तो आहे का, बघा. खर्चाचा लेखी अंदाज मागा, त्याला प्रेसुपुएस्तो म्हणतात. त्यात स्क्रू, त्यावर दात बसवायचा वरचा जोड, दात आणि स्कॅन हे चारही वेगवेगळे लिहून घ्या, नाहीतर ‘इम्प्लांट इतक्याला’ म्हणतात आणि तो नुसता स्क्रूच निघतो. माझा एका दाताचा सगळा खर्च न्यू जर्सीच्या अंदाजाच्या साधारण तिसरा हिस्सा झाला. त्यात दोन विमानतिकिटं मिळवली की एका दातासाठी फारशी बचत उरत नाही, चार-पाच दातांसाठी उरते. तुमचं पाचाचं आहे, म्हणून हो म्हणते.

आणि हे विसरू नका: स्क्रू कुठल्या कंपनीचा, कुठल्या मापाचा, कुठल्या बॅचचा, याचं स्टिकर मागून घ्या आणि पासपोर्टसोबत ठेवा. माझा पहिला इम्प्लांट इथल्याच एका दवाखान्यात घाईनं केलेला, उद्या विमान म्हणून. पुढे ह्यूस्टनला लेकीकडे असताना वरचा जोड सैल झाला. तिथला डेंटिस्ट एक्स-रे बघत बसला, हा स्क्रू कुणाचा तेच कळेना, म्हणून जुळणारा भागही मिळेना. मी दवाखान्याला फोन केला तर माझी फाइलच सापडेना. इथे माणसाला दोन आडनावं असतात, आधी वडिलांकडचं, मग आईकडचं. माझ्या नावात मधे नवऱ्याचं नाव, ते त्यांनी आडनाव समजून फाइल त्याच्याखाली लावलेली! म्हणजे मी तोंड दाबून फोनवर, आणि फाइल ह्यांच्या नावाच्या कप्प्यात. तेव्हा पहिल्याच दिवशी पासपोर्टवरचं नाव दाखवून फाइल कुठल्या शब्दाखाली लावली ते विचारा. हीच गंमत पुढे निवासाच्या कागदांतही होते.

शब्दांवरून आठवलं. क्राउनला स्पॅनिशमध्ये कोरोना म्हणतात. २०२१ साली डॉक्टरीणबाईंनी ह्यांना शांतपणे सांगितलं, तुम्हाला दोन कोरोना आहेत. ह्यांनी आधी मास्क वर ओढला.

दातांच्या निमित्तानं गावाची जी परीक्षा होते ती घरं बघून होत नाही. औषधं आणायला फार्मसीत जाल. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही, २०१० पासून तसा नियम आहे, पण पुष्कळ फार्मसींच्या शेजारीच छोटा दवाखाना असतो, तिथे थोडक्या पैशात डॉक्टर भेटतो. गाल सुजलेला असताना, मोडक्या स्पॅनिशमध्ये, भर उन्हात हे सगळं करून बघा. वहिनींना ते झेपलं, उलट थोडी मजाही वाटली, तर तुम्ही इथे राहाल. तुमच्या दोघांत स्पॅनिश एकालाच येणार असेल तर फार्मसीत दुसऱ्याला पाठवा.

दाढ काढल्यावर नारळपाणी प्या, पण स्ट्रॉनं नको, ओढल्यानं जखमेतली रक्ताची गाठ सुटते. जेवायला मऊ भात मागा. पापाद्झुलेस म्हणून भोपळ्याच्या बियांच्या दाटसर रश्शात बुडवलेल्या पोळ्या मिळतात, आत उकडलेलं अंडं. मला त्या सुजलेल्या गालानंही खाता आल्या. चाया नावाचा पाला मिळतो, त्याची पालकासारखी भाजी होते, पण कच्चा खायचा नाही, उकळूनच. आणि बाजारात चिकू बघून भरून येऊ देऊ नका, तो मूळचा इथलाच. त्याच्याच झाडाच्या चिकातून पूर्वी च्युइंगम करायचे. सीताफळाला इथे सारामुयो म्हणतात.

पैशांचं थोडक्यात. तुमचं उत्पन्न डॉलरमध्ये, खर्च पेसोत. २०२२ च्या सुरुवातीला डॉलरला सुमारे २० पेसो मिळत होते, २०२३ च्या उन्हाळ्यात १७ च्याही खाली आले. सोशल सिक्युरिटीचं सरकारी पेन्शन तेच, भाडं तेच, पण आमच्या हातातला सातवा हिस्सा हवेत गेला. तेव्हा बजेट १६ पेसोनं मांडा. त्यात बसलात तर या. कामाला बाई ठेवलीत तर डिसेंबरात आगिनाल्दो द्यावा लागतो, कायद्यानं, किमान पंधरा दिवसांचा पगार. आपल्या दिवाळीच्या बोनससारखंच, फक्त २० डिसेंबरच्या आत.

मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेतला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, मेक्सिकोत चालत नाही, आणि साध्या मेडिकेअरमध्ये दातांची नेहमीची कामं तशीही येत नाहीत. तरी त्यातला पार्ट बी, म्हणजे डॉक्टरांच्या भेटींचा भाग, सोडू नका. सोडलात आणि परत घ्यायची वेळ आली तर दर पूर्ण वर्षामागे १० टक्के दंड लागतो, तोही कायमचा. आम्ही तो चालू ठेवलाय, कारण मोठं दुखणं आलं तर विमानानं ह्यूस्टन दोन तासांवर आहे. पुण्याला का गेला नाहीत, असं सगळे विचारतात, तुम्हीही विचारलंत. हेच उत्तर. नातवंडं दोन तासांवर, घड्याळही जवळपास तेच.

निवासाचं: बघायला याल तेव्हा अमेरिकन पासपोर्टवर पाहुणे म्हणून या. किती दिवसांचा शिक्का ते अधिकारी ठरवतो, १८० पर्यंत. कायमचं ठरलं की तात्पुरत्या निवासाचा अर्ज मेक्सिकोबाहेरच्या मेक्सिकन कॉन्सुलेटमध्ये करायचा असतो. उत्पन्नाची अट दरवर्षी वाढते आणि प्रत्येक कॉन्सुलेटचं कागदांचं खूळ वेगळं, म्हणून आकडा तिथूनच घ्या. व्हिसा मिळाल्यावर १८० दिवसांत मेक्सिकोत शिरायचं आणि शिरल्यापासून ३० दिवसांत कार्डासाठी इमिग्रेशनच्या ऑफिसात जायचं. विमानतळावर आपोआप उघडणाऱ्या गेटातून जाऊ नका, माणूस बसलेल्या खिडकीवर जाऊन व्हिसाचं पान उघडून दाखवा. पाहुण्याचा शिक्का बसला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

जागा विकत घेण्याचा विचार निदान दोन मे महिने काढल्याशिवाय करू नका. जवळच्या प्रोग्रेसो गावची समुद्राकाठची घरं दाखवायला दलाल नेतीलच. किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आत परदेशी माणसाच्या नावावर जमीन थेट होत नाही, बँकेच्या ट्रस्टमार्फत घ्यावी लागते. आणि एहिदो म्हणजे गावकीची जमीन कुणी स्वस्तात देऊ केली तर चहा पिऊन निघा.

म्हणून, जानेवारीत या, दहा दिवस पुरे. स्कॅन, स्क्रू, तुमचे क्राउन, आणि घरं फक्त बघायची. करार नाही, मी अडवीन. मेमध्ये तीन आठवडे काढा, हॉटेलात नाही, एसी फक्त निजायच्या खोलीत असलेलं घर महिन्याच्या भाड्यानं घ्या. येताना वहिनींचे जुने एक्स-रे आणि गोळ्यांची यादी आणा. हिंग आणा. कढीपत्ता नको, माझ्या अंगणात आहे.