तुर्भे दोन आहेत

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. तुझ्या गावाचं, तुर्भ्याचं नाव कसं पडलं याची जी गोष्ट पाठवलीस ती गोड आहे, पण तिला ना साल ना कागद. शिवाय तुर्भे दोन आहेत. एक तुझं, नवी मुंबईतलं, दुसरं खाडीपलीकडचं, मुंबईतलं, ज्याला इंग्रज ट्रॉम्बे म्हणाले. जुन्या कागदात नाव दिसलं की हुरळून जाऊ नकोस, आजूबाजूची गावं बघ. चेंबूर-देवनार असेल तर ते तुझं नव्हे. सानपाडा, कोपरखैरणे दिसलं तर पुढे वाच.

मी कसा तोंडघशी पडलो ते ऐक. पंचविशीत एका स्मरणिकेत मी 'साष्टी'चा, म्हणजे मुंबई-ठाण्याकडच्या बेटाच्या नावाचा, संबंध साष्टांग नमस्काराशी जोडून मोकळा झालो. छापूनही आलं! पुढे कोकणच्या शिलाहार राजांचे कोरीव लेख वाचले, तर तिथे 'षट्षष्टी', म्हणजे सहासष्ट गावं. त्याचंच सासष्टी, साष्टी झालं आणि पोर्तुगिजांच्या तोंडी साल्सेत. गोव्यातही सासष्टी आहे, त्यामुळे साल्सेत शोधलंस की निम्मी उत्तरं मडगावकडची येतील. तेव्हापासून मी आधी नावाचं सर्वांत जुनं रूप शोधतो, अर्थाचं नंतर बघतो.

हे लेख वा. वि. मिराशींनी १९७७ साली एका खंडात संपादित केले: 'कॉर्पस इन्स्क्रिप्शनम इंडिकेरम', खंड सहावा. आर्काइव्ह डॉट ऑर्गवर आहे. त्यात शिलाहार राजा अरिकेसरीचा ठाण्याचा ताम्रपट नक्की वाच. ठाण्याच्या किल्ल्यात, म्हणजे आज जिथे मध्यवर्ती कारागृह आहे तिथे, खोदकाम करताना तो निघाला आणि १७८८ साली 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पहिल्या खंडात त्याचं भाषांतर छापलं गेलं. त्यावर शके ९३९ आहे. ७८ मिळव, इ. स. १०१७. दानाचे पट वाचताना राजाच्या बिरुदावलीत अडकू नकोस. आपला माल शेवटी असतो: कुठलं गाव दिलं, पूर्वेला काय, पश्चिमेला काय.

मग गॅझेटिअर, म्हणजे इंग्रजांनी काढलेले जिल्हावार माहितीचे ग्रंथ. ठाणे जिल्ह्याचे तेरावा आणि चौदावा हे खंड १८८२चे, स्थळांची माहिती चौदाव्यात. शोधखिडकीत आजचं स्पेलिंग टाकून काही मिळालं नाही म्हणून परत फिरू नकोस. तेव्हा ठाण्याचं 'थाना' होतं, त्याआधी 'टन्ना'. त्यात मराठी नावांच्या अक्षरांवर खुणा आहेत, स्कॅन करताना त्यांचा पार चुराडा होतो. सरळ सूची उघड आणि बोट ठेवून वाच. कंटाळवाणं आहे, पण मला अर्ध्याहून जास्त असंच सापडलंय.

शब्दासाठी शिकागो विद्यापीठाच्या साइटवर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे, तुळपुळ्यांचा प्राचीन मराठीचाही. विकिपीडिया वाच, पण तळटीप उघडल्याशिवाय त्यातलं वाक्य उचलू नकोस.

आता दगड. गावदेवीच्या देवळामागे शेंदूर फासलेला एखादा असेल, तर वर चंद्र-सूर्य, मध्ये अक्षरं आणि खाली गाढव आहे का ते बघ. असेल तर तो गधेगाळ. दान मोडणाऱ्याला घातलेली ती शिवी आहे, त्यामुळे चित्र बघून लाजू नकोस. फोटो सकाळी, तिरप्या उन्हात काढ. खडू, पीठ काही चोळायचं नाही, आणि शेंदूर खरवडायला तर मुळीच जाऊ नकोस, गाव अंगावर येईल.

हे करतानाच आजीजवळ बस. सिडको यायच्या आधीच्या शेतांची, बांधांची, खाजणांची नावं विचार. जिथे आता एमआयडीसीचे प्लॉट आहेत, तिथली नावं कुठल्याही साइटवर मिळायची नाहीत. गूगल अर्थवर एकेक जागा तिला दाखवून खूण कर. आणि ती जशी उच्चारते तसंच लिही. शुद्ध करून नको.

तुझा,
काका