खिडकीची खोली

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतची यादी वाचली. चार दिवसांत शिकागोतल्या एकतीस इमारती! त्यातल्या पाचच ठेव, बाकीच्या खोडून टाक. आणि त्या पाचांत मोनॅडनॉक हवीच.

डिअरबॉर्न स्ट्रीटला लागून ती जॅक्सन रस्त्यापासून व्हॅन ब्युरेन रस्त्यापर्यंत पसरली आहे. आधी समोरच्या फुटपाथवरून बघ. अगदी खेटून उभं राहिलं की १६ मजले दिसत नाहीत, नुसती भिंत दिसते. मग रस्ता ओलांड आणि जॅक्सनच्या टोकाला तळमजल्याच्या खिडकीशी थांब. काच किती आत आहे ते हाताने मोज. हा उत्तरेचा अर्धा भाग बर्नहॅम आणि रूट या वास्तुरचनाकारांचा, १८९१ मध्ये पुरा झालेला. वरच्या मजल्यांचं ओझं इथे विटांच्या भिंतींनी पेललंय, म्हणून तळाशी भिंत सुमारे ६ फूट जाड आहे. आता तशीच भिंतीच्या कडेने दक्षिणेकडे चाल, सावकाश. तो भाग होलाबर्ड आणि रोश या दुसऱ्या वास्तुरचनाकारांचा, १८९३चा. तिथे भार पोलादी सांगाड्यावर आहे, भिंत म्हणजे नुसतं पांघरूण. दोन-तीन मिनिटांच्या चालण्यात बांधकामाची एक रीत संपून दुसरी सुरू होते. गाडीच्या काचेतून हे कधीच कळत नाही. माझ्या पहिल्या फेरीत मलाही कळलं नव्हतं, कारण मी मान वर करून इमारतींचे माथेच बघत होतो.

तिथून पायीच स्टेट स्ट्रीटवरच्या रिलायन्स इमारतीकडे जा. ही १८९५ची. भिंतीला आता काही पेलायचं नाही म्हटल्यावर काय करता येतं, ते इथे दिसेल: मध्ये मोठी, न उघडणारी काच, दोन्ही बाजूंना उघडणारी अरुंद तावदानं. एकीतून उजेड, दुसऱ्यांतून वारा. या घडणीला शिकागो खिडकी असंच नाव पडलं.

खिडकी वाचायची सवय लागली की दुसऱ्या शहरातही ती कामी येते. लंडनमध्ये १७०९च्या कायद्याने लाकडी चौकट भिंतीच्या दर्शनी बाजूपासून ४ इंच आत घ्यायला लावली, आग पसरू नये म्हणून. त्यामुळे जुन्या गल्लीत भिंतीच्या बरोबरीने बसवलेली चौकट दिसली, तर घर बहुधा त्याआधीचं. विटांनी बुजवलेली प्रत्येक खिडकी मात्र खिडकी-कराच्या खात्यावर टाकू नकोस. तो कर १६९६ ते १८५१ होता खरा, पण काही खिडक्या केवळ दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून मुळातच बंद बांधलेल्या असतात.

सकाळी लवकर निघ. तिरप्या उन्हात भिंतीची खोली सावलीने उठून दिसते, भर दुपारी सगळं सपाट होतं. फोटो काढ, पण एक छोटी वहीही घे. मोनॅडनॉकच्या दोन्ही टोकांची एकेक खिडकी शेजारी शेजारी रेखाट. चित्र वाकडं आलं तरी चालेल, काचेची खोली तेवढी बरोबर दाखव आणि ते पान मला पाठव.