अमेरिकेत वाढलेल्या मराठी मुलाला स्टँड-अप कॉमेडी करायची असेल तर घरी कसं सांगावं? आईबाबांवर विनोद केलेले चालतात का? आणि सत्ताविसाव्या वर्षी सुरुवात करायला उशीर झालाय का?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पहिल्याचं उत्तर माझ्या हातात राहिलंच नव्हतं.

सातवी पास होऊन 2008 साली मी ठाण्याहून न्यू जर्सीत आले. बाबा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, आई आणि मी त्यांच्या मागे एच-फोर या कुटुंबीयांच्या व्हिसावर. घर एडिसनला, ओक ट्री रोडच्या जवळ. तिथे पोह्यांपासून समईच्या वातींपर्यंत सगळं मिळतं, त्यामुळे पहिले काही महिने परदेशात आलोय असं वाटलंच नाही. ते पहिल्यांदा जाणवलं फोनवर.

बाबांचं लेखी इंग्रजी आजही माझ्यापेक्षा चांगलं आहे. पण कस्टमर केअरच्या बाईला त्यांचं बोलणं कळायचं नाही, आणि तिसऱ्यांदा 'सॉरी?' ऐकलं की बाबांचा पारा चढायचा. मग फोन माझ्या हातात. एकदा आईच्या दाढेचं बिल भलतंच आलं. मी तेरा वर्षांची, आवाज जमेल तितका जाड करून, आईची जन्मतारीख सांगून आई झालेली. बाबा शेजारी टेबलाला टेकून उभे. ते मराठीत बोलणार, मी इंग्रजीत सांगणार.

बाबा : विचार तिला, हे काय तुझ्या बापाचे पैसे आहेत का?

मी (इंग्रजीत) : ही रक्कम कशी आली ते जरा समजावून सांगाल का?

बाबा : म्हणावं, काढलीत एक दाढ आणि पैसे लावलेत अख्ख्या बत्तिशीचे!

मी : एकदा तपासून बघाल का, प्लीज?

बाबा (माझ्याकडे संशयाने बघत) : मी एवढं बोललो, त्याचं एवढंच झालं?

स्टेजवर जमलेली माझी पहिली पाच मिनिटं म्हणजे हा फोन. तुमच्याही घरी असं काही घडलं असणारच. घरात ज्याला दुभाष्याचं काम करावं लागतं, त्याच्याकडे प्रत्येक वाक्याच्या दोन आवृत्त्या असतात. त्या दोन्ही लोकांसमोर ठेवल्या की बरंचसं काम झालं.

पण हे कळायला मला वर्ष लागलं. 2017 मध्ये न्यूयॉर्कला ओपन माइक करायला लागले, म्हणजे कोणीही नाव नोंदवून काही मिनिटं स्टेजवर जायचं. तळघर, पंधरा-सोळा माणसं, आणि ती सगळी आपापला नंबर यायची वाट बघणारी, वहीत डोकं घातलेली. मागे लाल दिवा लागला की शेवटचा एक मिनिट. तिथे मी बाबांचा 'इंडियन अ‍ॅक्सेंट' काढायचे आणि हशा यायचा. एके रात्री घसा बसला होता म्हणून साध्या आवाजात तेच बोलले, तर शुकशुकाट! म्हणजे विनोद नव्हताच, लोक नुसत्या उच्चारांना हसत होते. आणि ते उच्चार बाबांचे नव्हतेच, टीव्हीवरच्या कार्टूनमधल्या भारतीय दुकानदाराचे होते. त्याच साली हरी कोंडाबोलू या न्यूयॉर्कच्या कॉमेडियनने त्या दुकानदारावर अख्खा माहितीपट केला. तो बघताना मला स्वतःचीच लाज वाटली. तेव्हापासून बाबांचे शब्द घेते, उच्चार घेत नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच.

आता घरी सांगण्याबद्दल. मी सांगितलंच नाही. 'प्रोजेक्ट आहे' म्हणायचे, मध्यरात्रीनंतरच्या गाडीने न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनहून घराजवळच्या मेट्रोपार्क स्टेशनला उतरायचे. मग आला ब्रिंगर शो. यात तुम्ही पाच-सहा तिकीट काढणारी माणसं आणायची, तरच स्टेज मिळतं. मैत्रिणी दोन खेपांत संपल्या. तिसऱ्या वेळी मंडळातल्या दोन काकूंना विचारलं, 'आईला सांगू नका' या बोलीवर. (हसू नका, मी बावीस वर्षांची होते.) क्लबात प्रत्येकी दोन ड्रिंक घेणं सक्तीचं असतं. एका काकूंनी वेटरला बोलावून विचारलं, "पाणी दोनात धरतात का?" धरत नाहीत. दोघींनी चार जिंजर एल घेतल्या आणि उरलेली एक पर्समधल्या बाटलीत ओतून घरी नेली. दोन दिवसांत अख्ख्या ओक ट्री रोडला माहीत होतं.

आई चिडली नाही. तिने रेकॉर्डिंग मागितलं. पुण्यात कॉलेजात असताना ती पुरुषोत्तम करंडकात उतरली होती, हे मला तोवर फक्त एका जुन्या फोटोपुरतं ठाऊक होतं. दोनदा ऐकून म्हणाली, "स्वतःचाच लाफ्टर खातेस तू. ते हसतायत तोवर थांब की! पुढचं वाक्य पळून जाणारे का?" एमएस्सी झालेली ही बाई एच-फोरवर नोकरीची परवानगी नाही म्हणून सात वर्षं घरी बसली होती, ती परवानगी काहीजणींना 2015 मध्ये मिळू लागली, त्यात ती होती. आजही माझा नवा सेट आधी तिच्यासमोर होतो, पोळ्या लाटता लाटता.

घरच्यांपेक्षा मला अडवलं कागदांनी. याबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते. नोकरीवरच्या ग्रीन कार्डात एका देशाला साधारण सात टक्क्यांची मर्यादा असते, त्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही. मूल एकवीसचं झालं की एच-फोर संपतो. मी 2016 मध्ये रांगेतून बाहेर पडले आणि स्टुडंट व्हिसावर गेले. आईबाबांना कार्ड 2022 मध्ये मिळालं. स्टुडंट व्हिसावर स्टेजचे पैसे घेता येत नाहीत. पुढे एच-वन-बीवर ऑफिसची नोकरी, पण तो व्हिसा त्या मालकापुरता, म्हणून तेव्हाही नाही. एका बुकरने (शोसाठी कॉमेडियन निवडणारा माणूस) शोनंतर वीस डॉलरची नोट पुढे केली, मी 'नको, नको' करत मागे सरकले. त्याला वाटलं मी कोणा बड्या बापाची लेक आहे. तुमचा जन्म इथला असेल तर ही भानगड नाही. नसेल तर आधी वकिलाला विचारा, मग नोटेला हात लावा. माझे कागद लग्नानंतर बदलले. 2024 मध्ये पहिलं मानधन घेतलं, चाळीस डॉलर. बाबांनी चेकची झेरॉक्स काढून इमिग्रेशनच्याच फायलीत लावली.

उशीर झालाय का असंही तुम्ही विचारलंय. मुंबईत वाढलेल्या कॉमेडियन झरना गर्ग यांनी चाळिशी उलटल्यावर, तीन मुलांची आई असताना सुरुवात केली. तुम्ही सत्तावीसचे आहात.

बाबा शोला गेल्या वर्षी पहिल्यांदा आले. मागच्या रांगेत, हाताची घडी घालून. दाढेच्या बिलाच्या फोनला सगळे हसले, ते नाही. गाडीत बसल्यावर म्हणाले, "तू चुकीचं सांगतेस. मी 'तुझ्या बापाचे पैसे' असं म्हटलंच नव्हतं. मी म्हटलं होतं, 'हे काय तुझ्या तीर्थरूपांचे पैसे आहेत?'"

त्यांचंच बरोबर आहे, आणि ते माझ्यापेक्षा कितीतरी जास्त विनोदी आहे. आठ महिने झाले, 'तीर्थरूप' इंग्रजीत बसवतेय. नाही बसत. तुम्हाला सुचलं तर खाली लिहा.