आधारचा नियम लगेच ब्लॉकवर टाकू नका

तुम्ही लिहिलंय की डीएलपीत, म्हणजे गोपनीय माहिती कंपनीबाहेर जाण्यापासून अडवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, आधार क्रमांक ओळखण्याचा नियम लावल्यापासून ग्राहकांच्या याद्या असलेले मेल अडकताहेत, आणि त्यांत आधार क्रमांक एकही नाही. मोबाइल नंबर ९१ लावून लिहिलेत का, ते आधी बघा. ९१ आणि पुढचे दहा, झाले बारा आकडे. आधार ० किंवा १ ने सुरू होत नाही, पण ९ ने होतो. म्हणजे तीही चाळणी पार.

आमच्याकडे हेच झालं. नियम काही दिवस नुसत्या नोंदीवर ठेवायचा सोडून मी पहिल्याच दिवशी ब्लॉकवर टाकला. महिनाअखेर होती. बँकेला जाणारी पगाराची फाइल अडकली, पगार दोन दिवस उशिरा झाले. शॉपफ्लोअरवरचे एक काका माझ्या टेबलापाशी आले, घराचा हप्ता परत गेल्याचा मेसेज मोबाइलवर दाखवला आणि काही न बोलता निघून गेले. ते मी विसरू शकलेलो नाही.

सॉफ्टवेअरवाल्यांच्या सपोर्टने तीन आठवडे फक्त लॉग मागवले, तेच लॉग दोनदा, आणि ‘नियम बरोबर चालतोय’ म्हणून तिकीट बंद केलं. व्हरहॉफ तपासणी बंद आहे, एवढं एक वाक्य कुणी बोललं नाही. राग अजून आहे. आधारचा शेवटचा आकडा आधीच्या अकरांवरून व्हरहॉफ पद्धतीने काढलेला असतो. ती तपासणी लावली की भलत्या बारा आकडी नंबरांपैकी दहातले नऊ गळतात. एक मात्र उरतोच, म्हणजे ५०० मोबाइलच्या यादीत साधारण ५०. म्हणून आकड्याच्या आसपास ओळखीचा शब्द हवाच, ही अट माझ्या मते सक्तीची. पण मराठी पत्रव्यवहार असेल तर नुसता ‘आधार’ ठेवू नका, ‘कागदपत्रांच्या आधारे’ आणि ‘आधारभूत किंमत’ दोन्ही त्यात सापडतात. ‘आधार क्रमांक’, ‘आधार कार्ड’, ‘आधार नं.’ असं पूर्ण द्या.

आणि देवनागरी आकडे तपासा. आमच्या नियमाला फक्त इंग्रजी आकडे कळत होते, मराठीत टाइप केलेले अर्ज सरळ बाहेर जात होते. स्कॅन केलेल्या कार्डांना ओसीआर (चित्रातली अक्षरं वाचणारं तंत्र) लागतं, ते वेगळंच.

मी एकाच प्रॉडक्टवर काम केलंय, तुमच्याकडे सेटिंगची नावं वेगळी असतील. कायद्याचं तुमच्या कंप्लायन्सवाल्यांनाच विचारा. चाचणीसाठी सहकाऱ्यांचे खरे आधार मात्र मागू नका, आधार देणाऱ्या यूआयडीएआयने डेव्हलपरांसाठी दिलेले चाचणीचे क्रमांक वापरा.